मरोळची जर्सी, न्यू जर्सीचं गिऱ्हाईक

सहारचं एअर कार्गो संकुल मरोळ नाक्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ब्लू डार्टचं मुख्यालय सहार एअरपोर्ट रोडवरच. १९७३पासून निर्यातीसाठीच उभं असलेलं सीप्झ शेजारी. मरोळ-साकीनाक्याच्या औद्योगिक गाळ्यांत कापणारा, शिवणारा, छापणारा, भरतकाम करणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आता मरोळ नाक्याला मेट्रोच्या दोन मार्गिका भेटतात, त्यामुळे घाटकोपरचा कारागीर आणि वरळीचा डिझायनर एकाच स्टेशनावर उतरतात.

इतकं सगळं हाताशी असल्यावर इथल्या कुणा तरुणाच्या डोक्यात हा धंदा आला तर नवल नाही: क्रीडासंघांचा अधिकृत माल, म्हणजे जर्सी, टी-शर्ट, टोप्या, मफलर, परदेशातल्या चाहत्यांना ऑनलाइन विकायचा. कल्पना चांगली आहे. गिऱ्हाईकही आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२चं अधिवेशन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीला झालं, २०२४चं सॅन होजेला. तिथे जमणाऱ्या घरांत क्रिकेट पाहिलं जातंच. आयपीएलचा संध्याकाळी साडेसातचा सामना म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे दहा.

पण बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी डोमेन घेतात, मग लोगो, मग वेबसाइट, मग माल, आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "परवाना कुठाय?" वेबसाइट आठवड्याभरात उभी राहते. परवाना काही महिन्यांत हाती आला तर नशीब समजा. म्हणून या लेखातला क्रम वेगळा आहे. आधी परवाना, मग हिशोब, मग देश, मग पार्सल. वेबसाइट सगळ्यात शेवटी, आणि तिला जागाही कमीच दिली आहे.

परवाना कुणाचा आणि कुठल्या मुलखाचा

वेबसाइट जगभर दिसते. परवाना मात्र ज्या देशांपुरता लिहिलेला असतो, तेवढ्याच देशांत तुम्ही कायदेशीर दुकानदार असता. हे एक वाक्य नीट समजलं तर पुढचे निम्मे गोंधळ टळतात.

मुंबई इंडियन्सचंच पाहा. वानखेडेवरचा मूळ संघ भारतातला. मग दक्षिण आफ्रिकेत एमआय केप टाउन, आखातात एमआय एमिरेट्स आणि अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटमध्ये एमआय न्यू यॉर्क. न्यू यॉर्कच्या संघाने २०२३ आणि २०२५ अशी दोनदा ती लीग जिंकली. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी घराला मुंबईची निळी जर्सी हवी असते आणि न्यू यॉर्कचीही. त्यांच्या दृष्टीने दोन्ही आपलेच संघ. पण लीग वेगळ्या, नियमावली वेगळी, प्रायोजक वेगळे, त्यामुळे मालाचे हक्कही वेगवेगळ्या कागदांवर. एका संघाच्या टोपीचा परवाना मिळाला म्हणून दुसऱ्या संघाची टोपी छापता येत नाही.

भारतीय संघाच्या जर्सीचा नाद सुरुवातीला तरी सोडा. नायकीने २००५पासून २०२०पर्यंत संघाला कपडे पुरवले, मग एमपीएल स्पोर्ट्स आलं. मध्येच ते बाजूला झालं तेव्हा काही महिन्यांसाठी 'किलर' हा ब्रँड छातीवर आला. तो केवल किरण क्लोदिंगचा, म्हणजे आपल्या गोरेगावातल्या कंपनीचा. जून २०२३पासून आदिदास आहे, करार मार्च २०२८पर्यंत. आदिदासची स्वतःची दुकानं आणि वेबसाइट देशोदेशी असताना मरोळच्या गाळ्याला जर्सीचा परवाना कोण देणार? मात्र असे करार वस्तूंच्या प्रकारांनुसार तोडलेले असतात. खेळताना घालायचा पोशाख एकाकडे, रोजचे टी-शर्ट दुसऱ्याकडे, मग-किचेन-पोस्टर तिसऱ्याकडे. रिकामी जागा सापडते ती या फटींत.

आणि छोट्या संघांत. यू मुंबा, पुणेरी पलटण, अंधेरीच्या मैदानावर खेळणारा मुंबई सिटी एफसी, किंवा टी-२० मुंबई लीगमधला एआरसीएस अंधेरी. विचारायला जाण्यासारखी ही दारं आहेत. पुणेरी पलटणने २०२४मध्ये प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं, पण परदेशातल्या पुणेकराला त्यांचा टी-शर्ट किती सहज मिळतो, हे स्वतः गिऱ्हाईक होऊन एकदा पाहा. जिथे मागणी आहे आणि वाट बिकट आहे, तिथे तुमच्यासाठी काम आहे.

संघाकडे जाताना तीनपैकी कुठली भूमिका मागायची ते ठरवून जा. पहिली लायसन्सीची: त्यांचं चिन्ह वापरून माल तुम्ही बनवायचा, तुम्ही विकायचा, रॉयल्टी द्यायची. दुसरी अधिकृत विक्रेत्याची: त्यांच्या लायसन्सीने बनवलेला माल घाऊक घेऊन विकायचा. तिसरी दुकान चालवणाऱ्याची: दुकान संघाच्या नावाने, पण फोटो, साठा, पॅकिंग, पाठवणी, तक्रारी हे सगळं तुमच्या गाळ्यातून, आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा तुमचा. अमेरिकेतली फॅनॅटिक्स ही कंपनी मोठी झाली ती बऱ्याच अंशी या तिसऱ्या वाटेने, लीग आणि संघांची ऑनलाइन दुकानं चालवून. माझं मत विचाराल तर कार्गोजवळ बसलेल्या, खिशात फार भांडवल नसलेल्या माणसाने हीच तिसरी भूमिका मागावी. माल अडकण्याचा धोका कमी, आणि कुरिअरची सोय जवळ असल्याचा जो फायदा आहे तोच तुम्ही विकता.

एक चोरवाट अनेकांना सुचते. भारतात दुकानातून खरी जर्सी विकत घ्यायची आणि परदेशात विकायची. माल खरा आहे, मग अडचण काय? भारतापुरतं या प्रश्नाला मोकळं उत्तर आहे: सॅमसंगच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२मध्ये परदेशात कायदेशीर विकलेला अस्सल माल इथे आणून विकायला मुभा दिली. युरोपात चित्र उलटं. तिथल्या न्यायालयाने १९९८च्या सिल्हूट प्रकरणात सांगून टाकलं की युरोपच्या बाहेर विकलेला माल चिन्हाच्या मालकाच्या संमतीशिवाय युरोपात विकता येत नाही, भले तो अस्सल असो. तेव्हा विकत घेतलेल्या खऱ्या जर्सीचं पार्सल जर्मनीला पाठवणं हाही तिथे हक्कभंग ठरू शकतो.

दुसरी चोरवाट म्हणजे 'हा माल अधिकृत नाही' अशी पाटी लावून विकणं. लंडनमध्ये आर्सेनलच्या मैदानाबाहेर मॅथ्यू रीड नावाच्या विक्रेत्याने १९७०पासून तेच केलं होतं. पाटीही होती. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं, २००२मध्ये निकाल क्लबच्या बाजूने झुकला आणि २००३मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने क्लबच्या बाजूने शिक्कामोर्तब केलं. चर्चगेटला सामन्याच्या दिवशी फुटपाथवर जे चालतं ते वेबसाइटवर चालत नाही. वेबसाइटवर तुमचा पत्ता, बँकखातं आणि प्रत्येक विक्रीची नोंद असते. भारतीय ट्रेडमार्क कायद्याच्या १०३व्या कलमात खोट्या चिन्हासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिलेला आहे.

खेळाडूचं नाव, चेहरा आणि सही हे हक्क संघाच्या हक्कांहून वेगळे. पाठीवर गिऱ्हाईकाचं स्वतःचं आडनाव छापून देणं एक, आणि खेळाडूचं नाव आणि क्रमांक छापणं वेगळं. करारात हे स्पष्ट लिहून घ्या. तिरंगा वापरायचा मोह झाला तर ध्वजसंहिता वाचा. २००५च्या दुरुस्तीनंतर कपड्यावर तिरंगा चालतो, पण कमरेच्या खाली नाही. उशी, रुमाल, नॅपकिन यांवर तर नाहीच. तिरंग्याची उशी परदेशात उत्तम खपेल, तरीही ती बनवू नका.

कुठल्याही नावावर काम सुरू करण्याआधी ट्रेडमार्क नोंदवहीत ते शोधा. शोध ऑनलाइन आणि फुकट होतो. प्रत्यक्ष जायचंच असेल तर कार्यालय अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात. कपड्यांसाठी वर्ग २५, खेळाच्या साहित्यासाठी २८, किरकोळ विक्रीसाठी ३५. स्वतःच्या दुकानाचं नावही त्याच वेळी नोंदवायला टाका. भारत जुलै २०१३पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये असल्याने तेच नाव परदेशातही एकाच अर्जातून नोंदवता येतं.

करारातली दुखरी कलमं

वकील घ्याच, आणि तो ट्रेडमार्कचं काम करणारा असू दे. पण वकिलाकडे जाण्याआधी चार कलमं स्वतः वाचा.

पहिलं, किमान हमी, ज्याला धंद्यात सगळे एमजी म्हणतात. विक्री होवो न होवो, वर्षाला इतकी रक्कम संघाला द्यायचीच. समजा एमजी दहा लाख आणि रॉयल्टी निव्वळ विक्रीच्या १२ टक्के. म्हणजे नुसती हमी फिटायला वर्षाला सुमारे ८३ लाख ३३ हजारांची विक्री हवी. तीन हजारांचा एक नग धरला तर दोन हजार सातशे अठ्ठ्याहत्तर नग, महिन्याला २३०च्या वर. कागदावर सही करण्याआधी हा भागाकार करा. एमजी कमी करून रॉयल्टीचा दर वाढवून देण्याची तयारी दाखवा. छोट्या संघांना कधीकधी हे पटतं, कारण त्यांच्याकडे तशीही विक्री फारशी नसते. 'निव्वळ विक्री' म्हणजे काय याची व्याख्या तपासा: कुरिअरचे पैसे, कर आणि परत आलेला माल त्यातून वजा झालेच पाहिजेत.

दुसरं, मंजुरी. कल्पनाचित्र, मग नमुना, मग प्रत्यक्ष उत्पादनातला पहिला नग, अशा तीन टप्प्यांवर संघाची संमती लागते. प्रत्येक टप्प्याला उत्तर देण्याची मुदत लिहून घ्या, नाहीतर हंगाम संपतो आणि तुमचा नमुना कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो.

तिसरं, करार संपल्यावर उरलेला माल विकायची मुदत. इथे ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ आठवा. ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, ड्रीम११ने भारतीय संघाचं प्रायोजकत्व सोडलं आणि आशिया चषकात संघ छातीवर प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून उतरला. मग अपोलो टायर्सचं नाव आलं. ज्याच्याकडे जुन्या नावाचा साठा होता, त्याच्या मालाची फॅशन काही आठवड्यांत उतरली. त्याआधीही जर्सीवरचं नाव बायजूजवरून ड्रीम११वर गेलं होतं. प्रायोजकाचं नाव छापलेला माल कमी ठेवा. संघाचं चिन्ह आणि रंग एवढ्यावर चालणारा टी-शर्ट जास्त जगतो. करारात प्रायोजक बदलला तर काय होईल, याचं एक वेगळं कलम मागा: जुना माल किती दिवस विकता येईल, नवं चिन्ह कधी मिळेल.

चौथं कलम बहुतेक मसुद्यांत नसतंच. ते तुम्ही घालून घ्या. संघाच्या लेटरहेडवर एक अधिकारपत्र हवं, त्यात तुमच्या कंपनीचं नाव, कारखान्याचं नाव आणि निर्यातीची परवानगी. अमेरिकेच्या कस्टम्सकडे हक्कधारक आपली चिन्हं नोंदवून ठेवतात आणि संशयित माल तिथे अडवला जातो. त्या दिवशी हे पत्र असेल तर पार्सल सुटण्याची आशा असते.

विजयाची रात्र

या धंद्यात वर्षाचा बराच मोठा हिस्सा काही मोजक्या दिवसांत येतो. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती. अमेरिकेत दुपार होती आणि लोक मोबाइल हातात घेऊन बसले होते. अशा वेळी ज्याच्याकडे विजेतेपदाचा टी-शर्ट तयार आहे तो विकतो. बाकीचे आठवड्याने विकायला येतात, आणि तोवर उत्साह ओसरलेला असतो.

अमेरिकेत एनएफएलच्या अंतिम सामन्याआधी दोन्ही संघांचे विजेतेपदाचे कपडे छापून ठेवतात. हरलेल्याचा गठ्ठा मदतसंस्थांमार्फत दूरच्या देशांत वाटला जातो. आपल्याला तसं परवडणार नाही. आपल्यासाठी वाट अशी: कोऱ्या टी-शर्टचा साठा ठेवायचा, विजेतेपदाचं डिझाइन सामन्याआधीच मंजूर करून घ्यायचं आणि निकाल लागल्यावर रात्रीत छापायचं. सुती टी-शर्टवर स्क्रीन प्रिंट किंवा डीटीएफ, म्हणजे फिल्मवरून उतरवलेली छपाई, चालते. पूर्ण अंगभर छपाईची पॉलिएस्टर जर्सी मात्र यात बसत नाही, कारण सब्लिमेशनमध्ये बहुधा कापलेले तुकडे आधी छापतात आणि मग शिवतात. मरोळमध्ये बसण्याचा खरा फायदा इथे आहे. रात्री छापलेला माल सकाळी सहारच्या कुरिअर टर्मिनलला पोचतो. तिरुपूरच्या मोठ्या कारखान्याचा भाव तुमच्यापेक्षा कमी असेल, पण त्याला ही रात्र साधणार नाही. म्हणून कोरा माल तिरुपूरहून आणा, खेळाच्या वस्तू लागल्या तर मेरठ-जालंधरहून, आणि शेवटची छपाई इथे ठेवा.

एक नग की दोन

आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमचे भाव घालून तेच गणित पुन्हा मांडा. न्यू जर्सीतलं गिऱ्हाईक एका जर्सीचे कुरिअरसकट तीन हजार देतं असं समजू. बनवायला लेबल-होलोग्रामसकट ६००, रॉयल्टी पूर्ण तीन हजारांवर धरून ३६०, पॅकिंग ५०, कुरिअर १,२००, पेमेंट गेटवे आणि चलनबदल मिळून १५०. उरले ६४०. त्यातून जाहिरात, अमेरिकेची जकात, बदलून दिलेले साइज आणि गाळ्याचं भाडं. म्हणजे हातात काही नाही.

आता त्याच पार्सलात दोन जर्सी घाला. आले सहा हजार. बनवणं १,२००, रॉयल्टी ७२०, पॅकिंग ६०, कुरिअर थोडं वाढून १,४००, गेटवे ३००. उरले २,३२०. दुकानाचा सगळा आराखडा या फरकावर उभा करा: जोडीचा भाव, घरातल्या चौघांचा संच, ठरावीक रकमेवर पाठवणी मोफत.

कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात, प्रत्यक्ष आणि आकारमानाचं, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचं. पाव किलोची जर्सी ३० बाय २५ बाय ८च्या खोक्यात घातली की तिचं वजन १.२ किलो धरलं जातं. तीच प्लास्टिकच्या कुरिअर बॅगेत चपटी घातली तर अर्ध्या किलोत बसते. टोपी तर यात भलतीच महाग. शंभर ग्रॅमची टोपी तिच्या बाकासकट २८ बाय २० बाय १४च्या खोक्यात गेली की दीड किलोच्या वर. एकटी टोपी परदेशात विकू नका. एकात एक बसवलेल्या तीन टोप्या विका, किंवा जर्सीच्या ऑर्डरमध्ये जोडून द्या.

कुठले देश आधी

'सगळं जग' हा पर्याय निवडायचा मोह आवरा. पहिल्या वर्षी दोन किंवा तीन देश पुरे, आणि ते परवान्यात लिहिलेले हवेत.

ऑस्ट्रेलिया छोट्या विक्रेत्याला सोयीचा आहे. तिथे एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या पार्सलवर सीमाशुल्क नाही, आणि जीएसटीची नोंदणी तिथली वार्षिक विक्री ७५ हजार डॉलरच्या वर गेल्यावरच सक्तीची होते. आखातात अंतर कमी, कुरिअर स्वस्त, मराठी माणूस भरपूर, आणि भारत-यूएई व्यापार करार मे २०२२पासून लागू आहे. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर तिथला व्हॅट विक्रेत्यानेच विक्रीच्या वेळी घ्यायचा आणि भरायचा असतो. ही पद्धत १ जानेवारी २०२१पासून आहे, त्यामुळे पहिल्याच विक्रीआधी तिथली नोंदणी. युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट भरायला आयओएसएस ही एक खिडकी आहे. पण १३ डिसेंबर २०२४पासून उत्पादन सुरक्षेच्या नव्या नियमाने तिथे राहणारा एक जबाबदार प्रतिनिधीही नेमावा लागतो. मी युरोप दुसऱ्या वर्षावर ढकलेन.

अमेरिकेला टाळता येत नाही, पण डोळे उघडे ठेवून जा. आठशे डॉलरपर्यंतचं पार्सल जकातीशिवाय आत जाण्याची सवलत २९ ऑगस्ट २०२५ला सगळ्या देशांसाठी संपली. त्या आठवड्यात गोंधळ इतका होता की भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ती सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. जकातीचे दर त्यानंतरही हलते राहिले आहेत, म्हणून दर महिन्याला कुरिअर कंपनीकडून ताजा आकडा घ्या. अमेरिकेला पाठवताना जकात तुम्हीच आधी भरा. या पद्धतीला कुरिअरवाले डीडीपी म्हणतात. दारात आलेल्या माणसाने अनपेक्षित जकात मागितली तर गिऱ्हाईक पार्सल नाकारतं, आणि परतीचं भाडं तुमच्या बोडक्यावर बसतं.

घरातल्या चौघांचा संच म्हटलं की लहान मुलांचे साइज आले. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी आणि प्रमाणपत्र लागतं. शाई आणि बटणातल्या शिशाचीही तपासणी असते. छोट्या उत्पादकाला काही सवलती आहेत, पण त्या नीट समजून घेईपर्यंत अमेरिकेच्या पानावर मुलांचे साइज ठेवू नका. मोठ्यांच्या कपड्याच्या लेबलवरही कापडातल्या धाग्यांचं प्रमाण, धुण्याच्या सूचना, बनवणाऱ्याची ओळख आणि 'मेड इन इंडिया' हवंच.

पार्सल आणि कागद

आयात-निर्यात कोड डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा ताजी करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. जीएसटी नोंदणी लागेल. निर्यातीवर कर शून्य, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरायचं. हे विसरणारे इतके आहेत की सीएला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोन करायची खूण कॅलेंडरवर करून ठेवा. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक, घ्या आणि तो कस्टम्सकडे नोंदवा.

कुरिअरने जाणाऱ्या विक्रीच्या मालासाठी सीएसबी-पाच हे बिल असतं. सीएसबी-चार भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी. गल्लीतला बुकिंगवाला "साहेब, गिफ्ट लिहून टाकतो, कटकट नको" म्हणेल. त्याचं ऐकू नका. भेट म्हणून गेलेल्या मालाचे परदेशातून आलेले पैसे बँकेच्या नोंदीत जुळत नाहीत, एलयूटीखालची निर्यात सिद्ध होत नाही, आणि सरकारी परतावेही हातचे जातात. तयार कपड्यांवर आरओएससीटीएल आणि ड्रॉबॅकसारखे परतावे सप्टेंबर २०२४पासून कुरिअरच्या निर्यातीलाही मिळू लागले आहेत. सीएसबी-पाचची मर्यादा २०२३च्या व्यापार धोरणाने पार्सलमागे पाचवरून दहा लाखांवर नेली होती. जर्सीच्या धंद्यात ती आड येणार नाही. कस्टम्सच्या वर्गवारीत विणलेला टी-शर्ट ६१०९ या शीर्षात येतो, टोपी ६५०५मध्ये. शीर्षं एकदा सीए किंवा कस्टम्स ब्रोकरकडून पक्की करून घ्या.

वेबसाइट

आता दुकान उभारा. शॉपिफायसारख्या तयार व्यवस्थेत प्रत्येक देशासाठी वेगळा भाव, वेगळं चलन आणि कुठला माल कुठे दिसावा हे ठरवता येतं. वर मांडलेला मुलखांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या तिथेच सुटतो. ज्या देशाचा परवाना नाही तिथे तो माल दिसू नये, आणि दिसला तरी पत्ता घेतला जाऊ नये. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नसल्याने बाहेरचा गेटवे जोडला की ते वर वेगळी फी लावतात. ती हिशोबात धरा. पेपल भारतात फक्त परदेशी गिऱ्हाइकांकडून पैसे घेण्यापुरतं उरलं आहे. भारतीय गेटवे निवडताना त्याला रिझर्व्ह बँकेची परदेशी व्यवहारांसाठी मान्यता आहे का, ते विचारा.

डोमेनमध्ये संघाचं नाव घालू नका; ते पुढे काढून घेतलं जाऊ शकतं. 'ऑफिशियल' हा शब्द ज्या मालाचा परवाना आहे त्याच्याच पानावर लिहा. पानं इंग्रजीत असू देत, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं मराठीतही द्या. न्यू जर्सीतली काकू साइज विचारते तेव्हा ती मराठीतच विचारते.

साइज हा या दुकानाचा सगळ्यात जुना आजार. आपल्याकडचा एल आणि अमेरिकेचा एल एक नाही. तक्ता सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत द्या, मापं कपड्याची की अंगाची ते लिहा, आणि प्रत्येक जर्सीखाली ती घातलेल्या माणसाची उंची आणि छाती सांगा. परत आलेला एक नग मुंबईला आणणं परवडत नाही. त्याऐवजी दुसरा साइज अर्ध्या भावात पाठवा आणि पहिला तिथल्याच कुणाला देऊन टाकायला सांगा. संघाच्या करारात अशा बदलीवर रॉयल्टी लागू नये.

दुकान उघडण्याआधी ज्या देशांत विकणार, त्या प्रत्येक देशात एका ओळखीच्या घरी एक पार्सल पाठवा. किती दिवस लागले, कोणता कागद मागितला, किती जकात लागली, बॅग फाटली का, हे सगळं त्यांच्याकडून फोटोसह मागवा. आणि हे पार्सलही 'गिफ्ट' लिहून पाठवू नका. त्या नातेवाइकाला वेबसाइटवरून पैसे भरून ऑर्डर द्यायला सांगा, आणि माल खऱ्या बिलासह सीएसबी-पाचवर जाऊ द्या.